बडोद्यात जुनी मोटार घ्यायची आणि चालती ठेवायची

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात '२१ गन सॅल्यूट' हा जुन्या मोटारींचा मेळा भरला. तो पाहून आलेली माणसं अजून विचारतात, की आपल्यासारख्या नोकरदार माणसाला अशी गाडी ठेवता येते का. येते. त्यासाठी राजवाड्यातली रोल्स-रॉइस लागत नाही. आजोबांच्या नावावरची फियाट किंवा ओळखीतल्या एखाद्या डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली अँबेसेडर पुरते. पण नवखा माणूस पहिला खर्च रंगावर करतो आणि ब्रेक, वायरिंग, कागदपत्रं मागे ढकलतो. क्रम नेमका उलटा हवा. आधी कागद, मग ब्रेक, मग वायर आणि टायर, आणि रंग अगदी शेवटी. हा लेख साधारण त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली गाडी कोणती

पहिल्या वेळेला अँबेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी, असं माझं स्पष्ट मत आहे. अँबेसेडर पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनत राहिली. पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला बनायची. १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, पुढे तिचं नाव बदललं आणि नव्या शतकाच्या तोंडावर ती बंद झाली. इतकी वर्षं बनल्यामुळे दोन्हींचे सुटे भाग आजही मिळतात. मुंबईत कुर्ला, दिल्लीत काश्मिरी गेट आणि कोलकात्यात मलिक बाजार ही त्यांची मोठी ठिकाणं. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट घासून, कार्ब्युरेटर कानाने लावणारे मिस्त्री या दोन गाड्यांवरच शिकले आहेत, आणि ते अजून आपल्यात आहेत.

१९८३ मध्ये आलेली पहिली मारुती ८०० ही तिसरी चांगली निवड. स्टँडर्ड हेराल्ड दिसायला लोभस आहे, पण तिच्या दाराची एक काच फुटली तर महिनोन् महिने शोध चालतो. काँटेसाला पेट्रोल फार लागतं. कुर्ल्याला जुळवलेल्या प्लायमथ आणि डॉज दुसऱ्या गाडीच्या वेळी बघाव्यात.

गाडी ठरवण्याआधी तिची जागा ठरवा. छप्पर हवं, खाली कोरडी फरशी हवी, आणि सोसायटीचं तळघर नको. तळघराचं कारण पुढे पाण्याच्या भागात येईल.

बघायला जाल तेव्हा

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर सकाळी गाडी सहज चालू होत नव्हती असं समजून पुढे बघा. थंड इंजिन चालू करताना निळा धूर निघाला तर व्हॉल्व्ह गाइड किंवा रिंगा झिजल्या आहेत. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि ते कार्ब्युरेटर लावून सुटतं. चालू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, तेही पाहून घ्या.

मग पत्रा. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दाराखालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानींवर आणि डिकीच्या काठावरून फिरवा. चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. कार्पेट उचलून फरशी बघा, जॅक लावायच्या जागा बघा. या गाड्यांना वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळं वजन पेलते, त्यामुळे तळ सडलेली गाडी वरून कितीही चकाकली तरी तिला हात लावू नये. इंजिन बांधून मिळतं. सडलेला तळ नीट बांधून देणारा कारागीर शोधावा लागतो आणि त्याची मजुरी गाडीच्या किमतीपर्यंत जाते.

बडोद्यात आणखी एक तपासणी करावीच लागते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी सुमारे २५ फूट असताना. त्या पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून पुढे विकल्या गेल्या. गाळ कुठे राहतो ते माहीत असलं की अशी गाडी ओळखता येते: सीटच्या स्प्रिंगांत, हेडलाइटच्या वाटीमागे, दाराच्या आतल्या पुठ्ठ्यावर, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात. बोटाला बारीक पिवळसर माती लागली तर किंमत नव्याने बोला, नाहीतर निघा.

शेवटी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसी बुकाशी ताडून पाहा. अँबेसेडर आणि पद्मिनीत डिझेल इंजिन बसवायची एकेकाळी चाल होती, आणि गुजरातेत सीएनजी किट तर सर्रास. बदललेलं इंजिन आणि इंधन आरसीवर चढवलेलं हवं. सीएनजीची टाकी असेल तर दर तीन वर्षांनी होणाऱ्या चाचणीचा दाखला मागा. किट काढून टाकायचं असेल तर तेही आरसीवरून उतरवून घ्यावं लागतं.

कागद

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून तिचं नूतनीकरण करायचं. जुन्या गाड्या रस्त्यावरून काढण्याचा दिल्ली-एनसीआरमधला वयाचा नियम गुजरातला लागू नाही. गाडी तपासणीत पास होते तोवर ती रस्त्यावर राहू शकते, हे घरातल्या मंडळींना आधीच सांगून टाका, म्हणजे "सरकार भंगारात घालणार" ही चर्चा थांबते. नूतनीकरणाची फी अलीकडे बरीच वाढली आहे, तेव्हा सौदा करण्यापूर्वी परिवहनच्या संकेतस्थळावर आजचा आकडा बघा आणि तो किमतीत धरा.

विकत घेताना मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी महाराष्ट्रातून किंवा मध्य प्रदेशातून येत असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. वारसाने येत असेल तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. आपल्याकडे हेच सर्वांत जास्त रखडतं. आजोबा जाऊन वीस वर्षं होतात, गाडी काका वापरतात, कागद मात्र आजोबांच्याच नावावर राहतो. सगळी भावंडं बोलती आहेत तोवर सह्या घ्या.

दोन जुन्या गुंत्यांसाठी तयारी ठेवा. एक, जुन्या तीन अक्षरी नंबराच्या कित्येक गाड्या संगणकात चढलेल्याच नसतात. आरटीओत मूळ बुक दाखवून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, तोवर ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही. दोन, १९८० च्या दशकातल्या कर्जाचा बोजा बुकात तसाच असतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असली तरी त्या नव्या बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आणावा लागतो. दोन्ही कामं विकणाऱ्याकडून करून घ्या. पैसे दिल्यावर तो फोन उचलेल याचा भरवसा धरू नका.

आता व्हिंटेज नोंदणी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत हा भाग घातला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. नवीन नंबर घ्यावा लागला तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं.

पण घाई करू नका. या नोंदणीची गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, आणि त्यासाठीचं जाणं-येणं, एवढीच मुभा आहे. तुम्हाला रविवारी आईला घेऊन सुरसागरला चक्कर मारायची असेल, मंगळवारी मांडवीत जायचं असेल, तर नेहमीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवत राहा. पन्नाशी ओलांडलेल्या फियाटलाही ते चालतं. माझ्या मते बहुतेक नवख्यांसाठी तोच रस्ता बरा, कारण चालवली नाही तर गाडी बिघडतेच. फक्त मेळ्यांना नेण्यासाठी जपलेली, मूळ रंगाची, मूळ इंजिनाची गाडी हाती असेल तर व्हिंटेज नोंदणी जरूर करा.

आणि नोंदणी कोणतीही असो, लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊ नका. मित्राच्या मुलाला हौसेने बसवणं वेगळं. पैसे घेतले की तो व्यावसायिक वापर होतो, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

विमा

थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, गाडी वर्षातून दोनदाच बाहेर पडत असली तरी. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि वर कर असा दर आहे. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं, जुन्या अँबेसेडरचं १,४८९ सीसीचं, म्हणजे दोन्ही यातच बसतात. नंतरची १८०० सीसी इसुझू इंजिनाची अँबेसेडर मात्र वरच्या टप्प्यात जाते, ७,८९७ रुपयांवर. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खाजगी मोटारीला थर्ड पार्टीच्या हप्त्यात ५० टक्के सवलत आहे. ती एजंट स्वतःहून सांगत नाहीत, मागावी लागते.

तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान थर्ड पार्टीत येत नाही. पूर, आग, चोरी, झाड पडणं यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. पंधरा वर्षांच्या वरच्या गाडीला ऑनलाइन ही पॉलिसी सहसा मिळत नाही. त्यासाठी सरकारी विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जा, गाडीची तपासणी करून घ्या आणि अधिकाऱ्याशी समोर बसून बोला.

बोलायचं काय? किंमत. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची विमा-किंमत घसाऱ्याच्या ठरलेल्या तक्त्यावरून निघते. त्यापुढे ती विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. म्हणजे तिथे तुमच्या बोलण्याला आणि कागदांना वजन आहे. मोकळ्या हाताने गेलात तर भंगाराच्या भावाजवळचा आकडा लिहिला जातो. सोबत न्या: परवानाधारक सर्व्हेअरचा किंवा मूल्यांककाचा अहवाल, गाडीचे चारही बाजूंचे, इंजिनाचे, तळाचे फोटो, केलेल्या कामाची सगळी बिलं, आणि तशाच गाड्या कितीला विकल्या जात आहेत त्याच्या जाहिराती. गाडी १९४० पूर्वीची असेल आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचा दाखला असेल तर जुन्या मोटार टॅरिफमधली २५ टक्क्यांची सवलत आणि ठरलेल्या किमतीची पॉलिसी, या दोन्हींबद्दल नाव घेऊन विचारा. विमा आणि आरटीओ यांच्या 'व्हिंटेज'च्या व्याख्या वेगळ्या आहेत, एकाचा दाखला दुसरीकडे चालेल असं धरू नका.

दाव्याच्या वेळी काय कापलं जातं तेही आधी कळलेलं बरं. दहा वर्षांच्या वरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा, रबर-प्लास्टिक, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के, काचेवर शून्य. म्हणजे मडगार्ड चेपलं तर नव्या भागाचे निम्मे पैसे तुमचेच जाणार. आणखी एक: पॉलिसी एका दिवसानेही तुटू देऊ नका. तुटली की पुन्हा तपासणी, आणि ९० दिवस उलटले की जमवलेला नो क्लेम बोनस जातो.

घरी आणल्यावर पहिलं काम

ब्रेक. या गाड्यांना बहुधा चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि ऑइलची लाइन एकच असते. एक रबर फाटलं की पॅडल थेट खाली जातं आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. म्हणून मास्टर सिलिंडरचं किट, चाकांच्या सिलिंडरचे रबर आणि लवचीक होज हे चांगले दिसत असले तरी बदलाच. ऑइल दर दोन वर्षांनी नवीन, कारण ते हवेतली ओल ओढतं. ड्रम घासून खोलगट झाले असतील तर मकरपुरा जीआयडीसीत लेथवर फिरवून देणारे मिळतात. हँडब्रेक नुसता पार्किंगसाठी नाही. मुख्य ब्रेक गेला तर तेवढाच उरतो, तेव्हा तो चढावर गाडी धरतो का, ते तपासा.

मग वायरिंग. कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी कोरड्या पडून सोलतात आणि बॉनेटखाली पेट्रोल असतं. वायरिंग नवीन ओढून घ्या, बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा, समोरच्या सीटखाली छोटं अग्निशामक ठेवा. फार जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. नवी बॅटरी बसवण्यापूर्वी ते पाहा, नाहीतर डायनॅमो आणि रेग्युलेटर जळतात.

टायरची नक्षी शाबूत असली तरी वय बघा. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे: ३४१९ म्हणजे २०१९ चा चौतिसावा आठवडा. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारं होतच असतं.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे आणि गंभीर आहे. आता पंपावर मिळतं ते ई-२०, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या गाडीतले रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केटं याने फुगतात आणि चिरतात. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे टाकी आतून गंजते. सगळे पेट्रोल पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला, इंजिनाआधी पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे गंज दिसतो, आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीत मोजकंच पेट्रोल ठेवा. अँबेसेडरचं हेड कधी उतरवलं तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं आहे आणि २००० सालापासून देशात शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं.

पीयूसीला घाबरायचं कारण नाही. भारत स्टेजच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. पॉइंट आणि प्लग नीट असतील, कार्ब्युरेटर लावलेला असेल, तर निरोगी फियाट त्यात आरामात बसते. फक्त इंजिन तापवून न्या.

हे सगळं झाल्यावर रंग. मूळ रंगाचा एखादा तुकडा डॅशबोर्डमागे किंवा डिकीच्या कोपऱ्यात सापडतो, त्यावरून छटा जुळवा. अस्सल गाडी कशी दिसते हे डोळ्यांत बसवायचं असेल तर अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा 'ऑटो वर्ल्ड' संग्रह आहे, बडोद्याहून शंभरेक किलोमीटर. रंगाऱ्याकडे जाण्याआधी तिथे एक दिवस घालवा.

उन्हाळा आणि विश्वामित्री

मे महिन्यात दुपारी गाडी सिग्नलला बंद पडली आणि परत चालू होईना, तर बहुधा पेट्रोल पाइपातच वाफ झालेलं असतं. पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब वळवून घेणं हा त्यावरचा कायमचा इलाज. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. तो ऐकू नका. रेडिएटर उतरवून आतल्या नळ्या साफ करून घ्या आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट घाला.

पावसाळ्याची तयारी जूनमध्येच करा. घर फतेगंज, समा, अकोटा, मुजमहुडा अशा नदीच्या अंगाच्या भागात असेल तर उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे जागा आधीच बोलून ठेवा. आजवा तलावाचं पाणी सुटल्याची बातमी आल्यावर जागा शोधायला वेळ उरत नाही. पाणी आधी तळघरात शिरतं, म्हणूनच सुरुवातीला तळघर नको म्हटलं. कागदपत्रांची मूळ प्रत गाडीत ठेवू नका. बॅटरी सुटी करून वर काढा. आणि तरीही पाणी शिरलंच, तर कितीही मोह झाला तरी स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान मालकाने ओढवून घेतलं असं म्हणून विमा कंपनी दावा नाकारू शकते. फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी ओढून न्या.

रस्त्यावर

आठवड्यातून एकदा निदान वीस मिनिटं, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा. नुसती जागच्या जागी चालू करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि ब्रेक जाम होतात.

पहिला लांबचा पल्ला आजव्याचा धरा. वीसेक किलोमीटर, सरळ रस्ता, आणि महाराज सयाजीराव तिसरे यांच्या काळात बांधलेला तलाव. तो जमला की डभोई. हिरा भागोळचं कोरीवकाम तर बघाच, पण जुन्या यंत्रांवर जीव असलेल्या माणसाने डभोईला आणखी एका कारणासाठी जावं. गायकवाडांची नॅरोगेज रेल्वे १८६२ मध्ये इथून मियागामपर्यंत सुरू झाली, आणि तेव्हा डबे बैल ओढत असत. तिसऱ्या टप्प्यात चांपानेर, पन्नासेक किलोमीटर. पावागडचा माचीपर्यंतचा घाट थंडीतच चढा, आणि उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा, नुसत्या ब्रेकवर नको. नवरात्रात तो रस्ता टाळा. अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर ही गाडी नेऊ नका. ताशी साठच्या चालीला तिथे मागून येणाऱ्यांचा धोका फार.

निघताना टूलबॉक्सात हे असावं: पॉइंटचा जास्तीचा संच, कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, दोन प्लग, फ्यूज, पाण्याचा कॅन, फट मोजायचं फीलर गेज. अँबेसेडरला पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर आणि प्लगची ०.६ च्या वर थोडी. ही दोन मापं स्वतः लावायला शिकून घ्या. मिस्त्रींशेजारी उभं राहिलात तर ते हौसेने शिकवतात.

दसऱ्याला पूजा कराल तेव्हा झेंडूचा हार बॉनेटवर रात्रभर ठेवू नका, त्याच्या ओलसर पाकळ्यांचा डाग जुन्या रंगातून जात नाही.

घरी परतल्यावर लगेच कव्हर घालू नका. आधी चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन बघा. तीन कोमट आणि एक चटका देणारं असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये, किंवा बेअरिंग गेलंय. पुढच्या रविवारच्या आधी तेवढं चाक उघडून घ्या. मग खाली पुठ्ठा पसरा, सकाळी त्यावर कोणत्या रंगाचा थेंब पडलाय ते बघा, आणि तारीख, किलोमीटर आणि तो थेंब वहीत लिहून ठेवा. विमा कंपनीसमोर बसाल तेव्हा ती वही बिलांच्या फायलीसोबत घेऊन जा.